हेडर बसवल्यापासून पी०१७१, पी०१३३, पी०४२०: सेन्सर गेलाय की हेडर हवा खेचतंय?

के१२_कोथरूड

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट १.२ पेट्रोल, २०१३, बीएस४, ८८,००० किमी. मूळ मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा भाग) काढून स्टीलचं ४-२-१ हेडर (चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक) बसवलंय. आधी कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मॅनिफोल्डला लागूनच होता, आता तो जवळपास ७० सेंमी खाली गेला, आणि तोही नवा, २०० सेलचा (दर चौरस इंचाला २०० भोकं). पुढचा ऑक्सिजन सेन्सर कलेक्टरच्या (सगळ्या नळ्या एकत्र येतात तो भाग) पुढे, मागचा कॅटनंतर. सेन्सर दोन्ही जुनेच आहेत. वायरी पुरत नव्हत्या म्हणून मधे तुकडे जोडून वाढवल्यात.

चेक इंजिन लाइट लागलीय. आधी पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) आला, मग पी०१३३ (पुढच्या सेन्सरचा प्रतिसाद मंद), आता पी०४२० (कॅटची क्षमता कमी) पण. थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखाली टिक-टिक आवाज येतो, पाचेक मिनिटांत बंद होतो. पेट्रोलचा वास येतो आणि अ‍ॅव्हरेज पडलंय.

गाडीचा डेटा मोबाइलवर दाखवणाऱ्या ईएलएम३२७ अ‍ॅडॅप्टरवरून घेतलेले आकडे, कूलंट ९० अंश असताना (ट्रिम म्हणजे ईसीयू, इंजिनचा कंप्युटर, पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते):

आयडलला शॉर्ट टर्म ट्रिम +४ ते +७, लाँग टर्म +१९.
२५०० आरपीएमला शॉर्ट टर्म +१ ते +३, लाँग टर्म +८.
पुढचा सेन्सर आयडलला ०.१ ते ०.२ व्होल्टवर पडून असतो, मधूनच वर जातो. २५०० ला हलतो, पण १० सेकंदांत जेमतेम तीन-चार वेळा.
मागचा सेन्सर ०.२ ते ०.७ च्या दरम्यान हलत राहतो.

गॅरेजमध्ये सांगतायत की दोन्ही सेन्सर बदला. बदलू का?

---

लॅम्डा_एक

आत्ता एकही सेन्सर घेऊ नका. तुम्ही दिलेले आकडे सेन्सर मेल्याचे नाहीत. हेडर आणि पुढचा सेन्सर यांच्या मधे कुठेतरी बाहेरची हवा आत येतेय, त्याचे आहेत. नवा सेन्सर लावलात तर तोही हेच सांगेल, कारण तो खरंच ऑक्सिजन मोजतोय. फक्त तो ऑक्सिजन सिलिंडरमधून आलेला नाही.

लिकेजमधून धूर बाहेर जातो, मग हवा आत कशी येईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. एक्झॉस्टचा दाब सलग नसतो. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट सुटते आणि तिच्या मागे पोकळी तयार होते. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमला सेकंदाला २५ लाटा सोडतं, म्हणजे दोन लाटांमध्ये ४० मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात भेगेतून हवा आत ओढली जाते. २५०० ला हे अंतर १२ मिलिसेकंदांवर येतं आणि एकूण गॅसही कितीतरी जास्त असतो, त्यामुळे तेवढ्याच भेगेतून आलेल्या हवेचं प्रमाण नगण्य होतं. म्हणून आयडलला तुमची लाँग टर्म ट्रिम +१९ आणि रेस दिल्यावर +८.

हेडरच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची. ४-२-१ हेडरच्या नळ्यांची लांबी मुळात ती मागची पोकळी खोल व्हावी म्हणूनच धरलेली असते, तिच्यामुळेच सिलिंडर चांगला रिकामा होतो. बिडाच्या आखूड मॅनिफोल्डला जी भेग खपून जाते, तीच हेडरला जास्त हवा ओढून देते.

मग ईसीयू काय करतो? सेन्सर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) म्हणतोय म्हणून चारही सिलिंडरना जास्त पेट्रोल देतो. मिश्रण खरं तर रिच (पेट्रोल जास्त) होत जातं, पण सेन्सरपाशी पोचेपर्यंत त्यात बाहेरची हवा मिसळून ते बरोबर दिसतं. पेट्रोलचा वास आणि पडलेलं अ‍ॅव्हरेज यातूनच आलंय.

इथे एक गोष्ट नीट तपासा. आयडलला जास्त आणि रेसला कमी, असा ट्रिमचा नमुना इनटेकच्या लिकेजमध्येही दिसतो. फरक प्लगवर कळतो. इनटेकला लिकेज असेल तर ईसीयूने दिलेलं जादा पेट्रोल त्या जादा हवेबरोबर सिलिंडरमध्येच जळतं आणि प्लग नेहमीसारखे फिकट तपकिरी राहतात. एक्झॉस्ट लिकेज असेल तर चारही प्लगवर कोरडी काळी काजळी धरते. चारही काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. एकच काळा असेल तर गोष्ट वेगळी, मग तो इंजेक्टर किंवा कॉइल बघावी लागेल. आणि हो, एखादा सिलिंडर मिस होत असेल तरी न जळलेली हवा सेन्सरपर्यंत जाते आणि तो लीन दाखवतो, म्हणून मिसफायरचे कोड आहेत का तेही वाचून घ्या.

लाइव्ह डेटात गाडी एमएपीवर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर) चालतेय की एमएएफवर (आत जाणारी हवा मोजणारा), तेही बघा. एमएएफवाल्या गाडीत इनटेक लिकेज थेट ट्रिममध्ये दिसतं, कारण ती हवा मोजलेलीच नसते. एमएपीवाल्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब वाढलेला सेन्सरला दिसतो, त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही, आयडल मात्र चढतं. एमएपी असून आयडल जागेवर आणि ट्रिम +१९, म्हणजे इनटेकवरचा संशय अजून कमी.

आता लिकेज शोधायचं. इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत बरी. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप फुंकणाऱ्या बाजूला लावा, टेलपाइपमध्ये खुपसा, भोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि चालू करा. कम्प्रेसरची हवा थेट सोडू नका, एवढ्या दाबाची गरज नाही. स्प्रेच्या बाटलीत भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी, साधारण एकास दहा. मारायचं कुठे: चारही पोर्टची फ्लँज (हेडर इंजिनला बसतं ती जाड पट्टी) वरून आणि खालून, प्रत्येक नळी फ्लँजला वेल्ड केलेली जागा, दोन-दोन नळ्या एकत्र येतात तिथला सांधा, कलेक्टर जर नुसता सरकवून बसवलेला असेल तर तो जोड, आणि सेन्सरच्या आट्याभोवती. फ्लँजच्या खालच्या बाजूला हात पोचत नाही म्हणून लोक तिथे बघतच नाहीत. छोटा आरसा आणि टॉर्च घ्या.

मोठे बुडबुडे येतीलच असं नाही. दाढीच्या फेसासारखा बारीक पांढरा फेस हळूहळू फुगत असेल तर तेही लिकेजच. जवळ काळ्या काजळीचा पंखा उमटलेला असतो, बोट फिरवलं की हाताला लागतो.

थंडपणी टिक-टिक आणि गरम झाल्यावर बंद, याचा अर्थ धातू फुगून भेग मिटली असा घेऊ नका. आवाज बंद होण्याइतकी कमी झाली, एवढंच. हवा ओढायला केसाएवढी फट पुरते.

---

वायरमन_सातारा

वरचं सगळं बरोबर आहे. मला वायरींच्या जोडांची जास्त काळजी वाटते, त्याबद्दल लिहितो.

चार वायरींपैकी दोन हीटरच्या, एक सिग्नल, एक सिग्नलची अर्थिंग (ग्राउंड). सेन्सरच्या बाजूला डेन्सो कंपनीच्या सेन्सरमध्ये हीटरच्या दोन्ही काळ्या, सिग्नल निळी, अर्थ पांढरी असते. बॉश आणि एनटीकेमध्ये हीटरच्या दोन्ही पांढऱ्या, सिग्नल काळी, अर्थ करडी. म्हणजे काळी वायर एकात हीटर आणि दुसऱ्यात सिग्नल! रंग बघून तुकडा जोडला असेल तर आधी सेन्सरचा मेक बघा.

सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती वायरीच्या तारांमधल्या पोकळीतून आत जाते. म्हणून या वायरींना सोल्डर करायचं नसतं, सोल्डर आणि फ्लक्स तारांमधून आत शोषले जातात आणि ती वाट बुजते. कपलरमध्ये ग्रीसही भरायचं नाही. संदर्भाची हवा बिघडली की व्होल्टेज खाली बसतं, म्हणजे पुन्हा लीन. जोड क्रिम्पचेच हवेत, वर उष्णतेने आक्रसणारी ट्यूब, आणि चार जोड एका जागी न घेता दोन-दोन सेंमी पुढेमागे.

हीटरच्या वायरीतून साधारण एक अँपियर जातो. नुसती पिळून टेप मारलेली वायर इथे मार खाते, जोड गरम होतो आणि हीटरला पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. तपासायची पद्धत: कपलर काढा, मल्टिमीटर ओहमवर, सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांवर. थंड असताना ५ ते १५ ओहमच्या आसपास यायला हवं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. उघडा दाखवला तर हीटर गेला. मग गाडीच्या बाजूला इग्निशन ऑन करून सप्लाय मोजा, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी नको. सप्लायच नसेल तर फ्यूज बघा, हेडरला चिकटून वितळलेल्या वायरीने फ्यूज उडवलेला बरेचदा सापडतो.

दोन्ही सेन्सरच्या वायरी वाढवल्या असतील तर पुढचा-मागचा कपलर अदलाबदल झालाय का, तेही बघा. पुढचा कपलर काढा आणि अ‍ॅपमध्ये कुठलं रीडिंग थांबतं ते पाहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. अदलाबदल झाली असेल तर ईसीयू कॅटनंतरच्या सेन्सरवर पेट्रोल ठरवत राहतो आणि ट्रिम टोकाला जाते.

---

रायडर_नाशिक

पी०४२० साठी एवढं कशाला? मागच्या सेन्सरला स्पेसर लावा, सेन्सर प्रवाहातून वर येतो, लाइट बंद. बाजारात तयार मिळतो.

---

पियूसी_बूथ

कृपया हा सल्ला घेऊ नका. स्पेसरने कॅट सुधारत नाही, फक्त सेन्सर आंधळा होतो. या गाडीत तर अजून वाईट, कारण इथे कॅटवर खरंच अत्याचार चाललेत. वरून रिच मिश्रण येतंय आणि त्याच्यासोबत लिकेजची हवाही. न जळलेलं पेट्रोल आणि हवा कॅटच्या आत एकत्र जळतात, कॅट तापून त्याची जाळी वितळू शकते. लाइट बंद करून गाडी तशीच चालवली तर कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलात बदल करता येत नाही. आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडली तर कलम १९०(२), २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. हेडर बसवणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं आणि निदान कॅट तरी खरा आणि धडका ठेवावा.

के१२_कोथरूड, तुम्ही पियूसी कराल तेव्हा आकडे घेऊन या, निदानाला कामाला येतील. बीएस४ पेट्रोलला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमची मर्यादा. २५०० आरपीएमला सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे अचूक) १ अधिक-उणे ०.०३.

पण लॅम्डा १.०० आला म्हणून लिकेज नाही असं समजू नका. पुढच्या सेन्सरच्या आधी लिकेज असेल तर ईसीयू पेट्रोल वाढवून वाढवून सेन्सरपाशी लॅम्डा १ करूनच ठेवतो, आणि तोच गॅस टेलपाइपला येतो. नळीत आकडा सुंदर, सिलिंडरमध्ये मात्र रिच. उलट पुढचा सेन्सर मजेत हलतोय, ट्रिम शून्याजवळ आहे आणि टेलपाइपला लॅम्डा १.०५ येतोय, असं असेल तर लिकेज पुढच्या सेन्सरच्या नंतर आहे: फ्लेक्स पाइप, कॅटची फ्लँज किंवा सायलेन्सरचा जोड.

---

इथेनॉल_नोट

एक छोटी भर, ट्रिम वाचताना उपयोगी पडेल. पंपावरचं पेट्रोल आता इ२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. शुद्ध पेट्रोलला जळायला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, इ१० ला साधारण १४.१, इ२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे त्याच हवेला इ१० पेक्षा ४ टक्क्यांनी आणि शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ९ टक्क्यांनी जास्त इंधन. २०१३ ची गाडी इ२० साठी ट्यून केलेली नाही, त्यामुळे सगळं ठणठणीत असतानाही लाँग टर्म +५ ते +८ दिसू शकते. लिकेज काढल्यावर शून्य येईना म्हणून हेडर पुन्हा उघडत बसू नका. इंधनामुळे आलेली वाढ आयडलला आणि रेसला सारखीच असते, लिकेजची नसते.

---

के१२_कोथरूड

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं केलं, निकाल असे:

चारही प्लग काळे, कोरडी काजळी. मिसफायरचा कोड नाही.
साबणपाण्याला चौथ्या पोर्टच्या फ्लँजच्या खालून फेस, आणि कलेक्टरच्या सरकत्या जोडावर चांगले मोठे बुडबुडे.
फ्लँज काढली तर पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन लावलेलं निघालं, कडेने जळून भुगा झालेलं. सरळपट्टी ठेवली तर पहिल्या आणि चौथ्या पोर्टकडे ०.३ मिमीचं फिलर गेज आरामात जातं.
हीटर ११ ओहम, सप्लाय १२.१ (बॅटरी १२.५). कपलर अदलाबदल नाही. जोड पिळून टेप मारलेलेच होते, आता क्रिम्प केलेत.

फ्लँज सपाट करून घ्यायची का नुसतं जाड पॅकिंग चालेल? आणि सिलिकॉनमुळे सेन्सर गेला असेल का?

---

वेल्डर_कोल्हापूर

जाड पॅकिंग नको भावा. ०.३ म्हणजे फ्लँज वेल्डिंगच्या ताणाने वाकलीय. चार नळ्या एकाच बाजूने वेल्ड केल्या की दोन्ही टोकं उचलतात, म्हणूनच तुझी गळती पहिल्या-चौथ्यालाच आहे, मधल्या दोन्ही पोर्टना नाही. मशीनशॉपमध्ये देऊन तोंड ग्राइंड करून घे, पूर्ण लांबीत ०.१ च्या आत यायला पाहिजे. फ्लँज ८-१० मिमी जाडीची असेल तर तेवढं मटेरियल निघालं तरी चालतं. ५-६ मिमीची पातळ असेल तर ग्राइंड करूनही गरम झाल्यावर परत वाकेल, तिथे नवी फ्लँजच घे.

पॅकिंग कंपनीचं, पत्र्याच्या थरांचं घे. कोरडं बसव. स्टड आणि नट जुने ताणलेले असतील तर नवे. टाइट करताना मधून बाहेर, दोन टप्प्यांत, टॉर्क मॅन्युअलमधला. पहिल्या दोन-तीन वेळा गरम-थंड झाल्यावर थंड इंजिनावर परत टॉर्क रेंच लाव, पॅकिंग बसतं आणि नट ढिले होतात. हे कुणी करत नाही आणि महिनाभरात टिक-टिक परत येते.

सरकता जोड पूर्ण वेल्ड करून टाकू नकोस, हेडर उतरवताना हाल होतील. नळ्या आत ३०-४० मिमी तरी गेल्या पाहिजेत, भोवती घट्ट क्लॅम्प, आणि एक्झॉस्टचं सिमेंटसारखं पेस्ट मिळतं ते आतून लाव. ते सिलिकॉन नाही याची खात्री करून घे.

---

लॅम्डा_एक

सिलिकॉनबद्दल मी सांगतो. पोर्टच्या तोंडाशी एवढी उष्णता असते की कुठलंही आरटीव्ही (सिलिकॉनचं सीलंट) टिकत नाही. ते जळतं, त्याची वाफ एक्झॉस्टबरोबर सेन्सरच्या टोकावर जाते आणि तिथे सिलिकाचा पांढरा थर बसतो. सेन्सर मरत नाही, मंद होतो. तुमचा पी०१३३ म्हणजे नेमका प्रतिसाद मंद असल्याचा कोड आहे, म्हणून हा संशय योग्य आहे. सेन्सर काढून टोक बघा. फिकट राखाडी किंवा तपकिरी ठीक. काळी काजळी रिचमुळे, ती मिश्रण सुधारल्यावर आपोआप जळून जाते. खडूसारखा पांढरा, चकाकणारा थर असेल तर सेन्सर बदलावा लागेल. घासून किंवा कशात बुडवून साफ करू नका.

पण पी०१३३ चं दुसरं, माझ्या मते जास्त शक्यतेचं कारण जागा आहे. झिरकोनियाचं टोक साधारण ३०० ते ३५० अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट काम करत नाही. मूळ जागी ते पोर्टच्या जवळ होतं. आता पातळ पत्र्याच्या उघड्या नळ्यांमधून गॅस थंड होत होत येतो आणि आयडलला हीटरवर सगळा भार पडतो.

जागा की सेन्सर, हे वेगळं काढता येतं. लिकेज बंद झाल्यावरच करा. गाडी गरम करून दहा मिनिटं आयडलवर ठेवा आणि ग्राफ बघा. मग दोन मिनिटं २५०० वर धरा आणि परत बघा. अ‍ॅपमध्ये एकाच वेळी दहा गोष्टी निवडू नका, फक्त पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज आणि शॉर्ट टर्म ट्रिम घ्या. स्वस्त अ‍ॅडॅप्टर सगळं वाचत बसला तर सेकंदाला एखादंच रीडिंग येतं आणि चांगला सेन्सरही मंद दिसतो. २५०० ला १० सेकंदांत सातआठ वेळा तरी ०.४५ ओलांडायला हवं. आयडलला मंद पण २५०० ला तरतरीत, तर टोक थंड पडतंय. दोन्हीकडे मंद, तर सेन्सर थकलाय.

अजून एक झटपट चाचणी: उभ्या गाडीत एक्सलरेटर झटकन दाबून सोडा. दाबताना ०.८ च्या वर उसळला पाहिजे, आणि ३५०० वरून सोडल्यावर पेट्रोल कट होतं तेव्हा ०.१ च्या खाली गेला पाहिजे. दोन्ही टोकं गाठली म्हणजे सेन्सर जिवंत आहे.

हे सगळे आकडे नॅरोबँड (फक्त लीन की रिच एवढंच सांगणाऱ्या) सेन्सरचे. कुणाच्या गाडीत पुढे वाइडबँड असेल तर तो व्होल्टेजऐवजी लॅम्डा किंवा करंट दाखवतो आणि वर-खाली उड्या मारत नाही. त्याला या मापाने मोजून मोडीत काढू नका.

---

सीएनजी_बारामती

मधेच विचारतो. माझ्या गाडीला हेडर पण आहे आणि सिक्वेन्शियल सीएनजी किट पण. पेट्रोलवर पुढचा सेन्सर हलतो, सीएनजीवर एकदम एकसारखी चौकोनी लाट दिसते. चांगलं ना?

---

वायरमन_सातारा

नाही. ती सेन्सरची लाट नाही, किटवाल्याने सिग्नलच्या वायरीत घातलेल्या एम्युलेटरची आहे. तो ईसीयूला ठरावीक खोटा सिग्नल देतो. खरा सेन्सर फार तालात हलत नाही, त्याची प्रत्येक लाट थोडी वेगळी असते. हेडरचं निदान करायचं तर पेट्रोलवरच करा, आणि एम्युलेटर बाजूला काढून सिग्नल थेट जोडून मगच आकडे घ्या.

---

के१२_कोथरूड

फ्लँज ग्राइंड केली (८ मिमीची होती, आता ०.०५ च्या आत), नवं पॅकिंग कोरडं बसवलं, सरकत्या जोडाला क्लॅम्प आणि पेस्ट. साबणपाण्याला कुठेही फेस नाही. कोड पुसून ३०० किमी चालवली.

आयडलला लाँग टर्म +७, २५०० ला +६. पी०१७१ आला नाही. सेन्सरचं टोक काळं होतं, पांढरं नाही. आयडलला दहा मिनिटांनी मंद होतो, २५०० ला १० सेकंदांत नऊ वेळा ओलांडतो. पी०१३३ पेंडिंगमध्ये (अजून पक्क्या न झालेल्या कोडमध्ये) परत दिसतोय. पी०४२० सध्या नाही, पण मागचा सेन्सर थोडा हलतो.

---

लॅम्डा_एक

+७ आणि +६ म्हणजे जवळपास सारखं. हे इ२० चं आहे, लिकेज संपलं.

सेन्सर चांगला आहे, जागा चुकलीय. सध्या सेन्सर कलेक्टरपासून किती लांब आहे ते मोजा. चारही नळ्या एकत्र आल्यावर ५ ते १० सेंमीवर तो हवा. त्याच्याही आधी, एखाद्या नळीत घालू नका, मग तो एकाच सिलिंडरचं ऐकेल आणि ईसीयू ते चौघांना लावेल.

बॉसची (सेन्सर ज्यात फिरवून बसतो ती वेल्ड केलेली आट्यांची रिंग) उंचीही बघा. बाजारू हेडरवर २०-२५ मिमी उंच बॉस वेल्ड केलेला असतो, त्यामुळे सेन्सरच्या टोपणाची भोकं नळीत उतरतच नाहीत, बॉसच्या विहिरीत राहतात. तिथे जुना गॅस साचतो आणि सेन्सर उशिरा जागा होतो. बॉसमधून बघितल्यावर टोपणाची भोकं नळीच्या आतल्या भिंतीच्या पुढे आलेली दिसली पाहिजेत.

कोन: सेन्सरची वायरीची बाजू आडव्यापेक्षा निदान १० अंश वर तिरकी, घड्याळाच्या भाषेत १० ते २ च्या मधे असेल तर उत्तम. नळीच्या खालच्या बाजूने बसवला तर सकाळचं साचलेलं पाणी गरम सिरॅमिकवर पडतं आणि ते तडकतं. वायरीचं रबरी बूच मात्र हेडरच्या झळीपासून लांब ठेवा, २५० अंशांच्या वर ते टिकत नाही.

हेडरला कापडी पट्टी गुंडाळून गॅस गरम ठेवता येतो, पण माइल्ड स्टीलच्या हेडरला ती नको, आत ओल धरून गंज चढतो. सेन्सर सरकवणं हाच सरळ उपाय आहे.

पी०४२० साठी थांबा. ईसीयू पुढच्या आणि मागच्या सेन्सरची तुलना करून कॅट ओळखतो. कॅटच्या लेपातलं सीरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं, म्हणून चांगल्या कॅटमागचा सेन्सर ०.६-०.७ ला शांत बसतो. २०० सेलच्या कॅटमध्ये लेपाला जागाच कमी, शिवाय तो ७० सेंमी खाली असल्याने तापायला उशीर. सेन्सर नव्या जागी सरकवल्यावर अ‍ॅपमध्ये रेडिनेस (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते) बघा, कॅटची चाचणी पूर्ण झालेली दिसायला हवी. ती झाल्यावरही पी०४२० दोन सलग फेऱ्यांत आला, तर ४०० सेलचा चांगला कॅट शक्य तितका वर, कलेक्टरच्या जवळ घ्या.

---

वेल्डर_कोल्हापूर

बॉस लावताना: आटे एम१८ x १.५. सेन्सर काढून ठेव आणि बॅटरीची मायनस काढ, मगच वेल्डिंग मशीन चालू कर. बॉसमध्ये जुना मेलेला सेन्सर किंवा एम१८ चा बोल्ट घालून वेल्ड कर, नाहीतर आटे अंडाकृती होतात. चार ठिकाणी टाके मारून, समोरासमोर थोडं थोडं वेल्ड, एका दमात गोल फिरवू नको. थंड झाल्यावर टॅप फिरव, आतला स्पॅटर काढ.

सेन्सर २२ च्या पान्याने, वायर बाहेर काढायची खाच असलेला सॉकेट वापर, टॉर्क ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास. नव्या सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं पेस्ट) लावलेलं येतं. जुना परत बसवतोयस म्हणून निकेलचं थोडंसं फक्त आट्यांवर लाव, टोकाला लागू देऊ नको.

जुन्या भोकाला एम१८ चा प्लग आणि तांब्याचा नवा वॉशर. प्लगवरही साबणपाणी मारून बघ.